सॅम्पलरमधले आवाज कसे लावायचे, आणि कुठले बिनधास्त उडवायचे?

फोनवर ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला की आपण काय करतो? गॅलरी उघडतो, गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, दोन-तीन मोठे व्हिडिओ उडवतो, आणि जागा झाली की पुन्हा विसरून जातो. म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपण ठरवत नाही, फोन आपल्याला ठरवायला लावतो.

संगीत बनवणाऱ्यांकडे एक छोटं मशीन असतं, सॅम्पलर. त्यातही हाच प्रश्न येतो, फक्त फोटोंच्या ऐवजी आवाजांचा. मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री सॅम्पलरवर बीट्स बनवतो, त्यामुळे फायलींचा पसारा हा माझा दोन्हीकडचा विषय आहे. या लेखात आपण पाहूया की सॅम्पलरमधले आवाज नीट कसे लावायचे, कुठले काढून टाकायचे, आणि काढण्याआधी नेमकं काय तपासायचं. सॅम्पलर नसेल तरी वाचा. फोनवर रेकॉर्डिंग करत असाल तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

सॅम्पलर म्हणजे नेमकं काय?

कीबोर्ड किंवा सिंथेसायझर स्वतः आवाज तयार करतो. सॅम्पलर तसं करत नाही. तुम्ही त्याला एखादा आवाज देता, म्हणजे टाळी, दार आपटल्याचा आवाज, तबल्याचा एक ठोका, गाण्यातले दोन सेकंद. तो आवाज मशीन साठवतं आणि एका रबरी पॅडला जोडतं. पॅड दाबलं की तो आवाज वाजतो. अशी १६ पॅड समोर असली की टाळीचा ताल होतो आणि दाराचा ढोल होतो. या साठवलेल्या प्रत्येक तुकड्याला म्हणायचं सॅम्पल.

आपल्याकडे हे मशीन तुम्ही नक्की पाहिलंय, फक्त नाव वेगळं असतं. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीत बेंजो पार्टीवाला जो ‘ऑक्टापॅड’ वाजवतो, त्यातले काही सॅम्पलर असतात. रोलँडचा एसपीडी-एसएक्स हा त्यातलाच. ९ पॅड, आत १०० किट, आणि हवा तो आवाज भरायची सोय. माझ्याकडे आहे तो त्याच कंपनीचा एसपी-४०४ एमके-टू, २०२१ साली आलेला. तो काठीने वाजवायचा नसतो, बोटांनी वाजवायचा असतो. पण आतला हिशोब दोघांचा सारखाच.

जेव्हा मेमरी फक्त १० सेकंद होती

१९८७ साली ई-मू कंपनीचा एसपी-१२०० नावाचा सॅम्पलर आला. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याची एकूण मेमरी किती होती? सगळे आवाज मिळून जेमतेम १० सेकंद. एक सॅम्पल जास्तीत जास्त अडीच सेकंदांचं. पुढच्याच वर्षी अकाई कंपनीने रॉजर लिन या डिझायनरसोबत एमपीसी-६० आणला, त्यात साधारण १३ सेकंद बसायचे आणि जादा मेमरी टाकली की २६.

एवढ्यात गाणं बसवायचं म्हणजे काटकसर आलीच. लोकांनी एक युक्ती काढली. तेव्हा सॅम्पल घ्यायचे ते तबकड्यांवरून, म्हणजे एलपी रेकॉर्डवरून. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवायची आणि तो पळता आवाज सॅम्पलरमध्ये घ्यायचा. मग मशीनमध्ये त्याचा स्वर खाली आणायचा, की वेग पुन्हा मूळचा. ४५ भागिले ३३.३३ म्हणजे १.३५. थोडक्यात १० सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचं संगीत! त्यात आवाज थोडा खरखरीत व्हायचा, आणि पुढे लोकांना तीच खरखर आवडायला लागली.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या मशीनवर ‘नंतर बघू’ हा पर्यायच नव्हता. नवीन ठोका घ्यायचा तर जुना काढावाच लागायचा. प्रत्येक आवाजाला जागा कमवावी लागायची.

आजही असे कंजूष सॅम्पलर मिळतात. टीनएज इंजिनिअरिंग या स्वीडिश कंपनीचा पीओ-३३ खिशात मावतो, दिसायला कॅल्क्युलेटरसारखा. त्यात एकूण ४० सेकंद आणि १६ आवाज. शिकायला मी तर तोच सुचवेन, कारण तो अडगळ होऊच देत नाही.

आता जागा संपत नाही, मग अडचण काय?

माझ्या एसपी-४०४ एमके-टू मध्ये १६ जीबी आहेत. जरा गणित करू. हा सॅम्पलर एका सेकंदात आवाजाची ४८,००० मोजमापं घेतो, प्रत्येक मोजमाप १६ बिट, म्हणजे २ बाइट. स्टेरिओ असेल तर डावा आणि उजवा मिळून दुप्पट. ४८,००० गुणिले २ गुणिले २, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी. या हिशोबाने १६ जीबीत कागदावर २३ तास बसतात. कुठे १० सेकंद आणि कुठे २३ तास!

म्हणजे मेमरी भरली म्हणून डिलीट करायची वेळ सहसा येतच नाही. पण या मशीनला दुसरी एक मर्यादा आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. एका प्रोजेक्टमध्ये १० बँका, एका बँकेत १६ पॅड. म्हणजे १६० आवाज. असे १६ प्रोजेक्ट. एका वेळी डोळ्यांसमोर मात्र १६ पॅडच. बाकीचं सगळं तुमच्या डोक्यात. ‘सी’ बँकेच्या ११ नंबरच्या पॅडवर काय आहे, हे आठवलं तरच ते वाजणार.

तर खरी मेमरी मशीनची नाही, आपली आहे. सॅम्पलरमध्ये २,००० आवाज असले आणि तुम्हाला ६० आठवत असले, तर तुमच्याकडे ६० च आवाज आहेत. उरलेले १,९४० फक्त त्या ६० ना शोधायला उशीर लावतात. सूर सुचतो, ताल सुचतो, आणि तो बोटात यायच्या आत आपण ‘कुठे बरं ठेवलाय’ करत बँका पालटत बसतो. तोवर सुचलेलं गेलेलं असतं.

त्यात नवीन मशीन आवाज जमवणं फारच सोपं करतात. माझ्या सॅम्पलरमध्ये स्किप-बॅक नावाची सोय आहे. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं नसेल तरी शेवटचे काही सेकंद तो धरून ठेवतो, आणि आवडलं तर ते सॅम्पल म्हणून उचलता येतात. सोय झकास आहे, पण एका संध्याकाळी अशी वीस-पंचवीस सॅम्पल सहज जमतात, आणि त्यातल्या एकालाही नीट नाव नसतं.

मिसळणाचा डबा आणि माळा

यावर मला सापडलेला उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. ओट्याजवळ मिसळणाचा डबा असतो. सात वाट्या, मोहरी, जिरं, हळद, तिखट वगैरे. न बघता हात जातो. आणि वर माळ्यावर किंवा फडताळात वर्षाचा साठा असतो. कुणी सगळा साठा मिसळणाच्या डब्यात कोंबत नाही. आणि डब्यातली बडीशेप काढली म्हणून घरातली बडीशेप संपली, असंही होत नाही.

सॅम्पलर हा मिसळणाचा डबा आहे. माळा म्हणजे तुमचा कॉम्प्युटर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क. या दोन जागा वेगळ्या केल्या की डिलीट करण्याची भीतीच अर्धी होते. सॅम्पलरमधून काढलेला आवाज मेलेला नसतो, तो फक्त ओट्यावरून उचललेला असतो.

म्हणून पहिला नियम: कुठलाही आवाज आधी माळ्यावर जाईल, मग डब्यात येईल. फोनवर रेकॉर्ड केलं तर तिथून कॉम्प्युटरवर, नाव देऊन, आणि मग कार्डाने किंवा यूएसबीने सॅम्पलरवर. थेट सॅम्पलरमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर आठवड्यातून एकदा प्रोजेक्टची प्रत एसडी कार्डावर घ्यायची आणि कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचं. माळ्याचीही एक दुसरी प्रत असावी, दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. एकाच ठिकाणी असलेली प्रत म्हणजे बॅकअप नाही.

नाव असं द्या की सहा महिन्यांनीही कळेल

‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ हे नाव नाही, हा टोकन नंबर झाला. माझ्या नावात चार गोष्टी असतात: काय आहे, कुठून आलं, कधीचं, आणि लागू असेल तर वेग किंवा स्वर. उदाहरणार्थ ‘ठोका-पत्रा-गच्ची-२०२४-०७’ किंवा ‘लूप-ताशा-मित्र-११०’. पहिला शब्द नेहमी प्रकाराचा. ठोका, लूप, बोल, वातावरण, स्वर. याने एक फायदा आपोआप मिळतो, कॉम्प्युटर यादी अक्षरांप्रमाणे लावतो तेव्हा सगळे ठोके एकत्र, सगळे लूप एकत्र येतात. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना. म्हणजे तारखाही क्रमाने लागतात.

दोन सूचना. एक, प्रत्यक्ष फाइलचं नाव रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. बहुतेक सॅम्पलरच्या चिमुकल्या स्क्रीनला देवनागरी कळत नाही, आणि लांब नाव मध्येच कापलं जातं. म्हणून ओळखीचा शब्द सुरुवातीला हवा. दोन, आवाज तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलाय की कुणाच्या गाण्यातून घेतलाय, हे नावात लिहाच. मी दुसऱ्याच्या गाण्यातल्या तुकड्याला शेवटी ‘परका’ असं जोडतो. घरात वाजवायला काही नाही, पण गाणं प्रसिद्ध करायचं झालं तर हा फरक महागात पडतो. १९९१ मध्ये अमेरिकेत बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून कोर्टाने त्या गाण्याची विक्री थांबवली होती. तेव्हापासून मोठ्या कंपन्या सॅम्पलची परवानगी आधी मागतात. दोन वर्षांनी ‘हा तुकडा आपला की परका’ हे आठवत बसण्यापेक्षा आजच लिहिलेलं बरं. माणसांचे आवाज असतील तर त्यांना विचारूनच घ्या, आणि विचारलंय हेही नोंदवा.

पॅडवर मांडणी कशी करायची?

मिसळणाच्या डब्यात हळद रोज त्याच वाटीत असते, म्हणून हात चुकत नाही. तसंच इथे. प्रत्येक बँकेत खालची रांग ठोक्यांची, त्यातही पहिलं पॅड जड ठोका, दुसरं टणक ठोका, तिसरं-चौथं बारीक आवाज. दुसरी रांग लूपची, तिसरी स्वरांची, आणि सगळ्यात वरची रांग रिकामी. हो, मुद्दाम रिकामी. नवीन आवाज तिथे येतात, पाहुण्यासारखे. पुढच्या साफसफाईपर्यंत एखाद्याने खालच्या रांगेत जागा मिळवली नाही, तर तो माळ्यावर जातो.

प्रोजेक्टसुद्धा कामाप्रमाणे ठेवा. एक गाणं, एक प्रोजेक्ट. आणि एक ‘कच्चा’ नावाचा प्रोजेक्ट, ज्यात काहीही आणून टाकायची मुभा आहे. पसारा करायला जागाच नसेल तर काही सुचणारही नाही. फक्त तो पसारा एका खोलीत असू दे, घरभर नको.

उडवायचं कुठलं? या क्रमाने चाळा

आता मुख्य काम. एका वेळी एकच बँक घ्या, १६ आवाज. हेडफोन लावा.

आधी जुळी शोधा. तीच फाइल दोन नावांनी आली असेल तर ती कॉम्प्युटरवर शोधणं सोपं आहे. डुप्लिकेट शोधणारे मोफत प्रोग्रॅम प्रत्येक फाइलच्या आतल्या मजकुरावरून एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. हॅश जुळला की फाइल तीच, नाव काहीही असो. पण एकाच पत्र्यावर तुम्ही पाच वेळा पाऊस रेकॉर्ड केला असेल, तर कॉम्प्युटरला त्या पाच वेगवेगळ्या फायली दिसतात. ती जुळी कानानेच शोधावी लागतात. पाचातलं एक ठेवा. ठरवता येत नसेल तर याचा अर्थ पाचही सारखीच आहेत, कुठलंही एक ठेवा.

मग एकटं ऐकू नका, तालात ऐका. हे फार उपयोगी पडतं. एकटा ऐकला तर जवळपास प्रत्येक आवाज भारी वाटतो. एक साधा बीट चालू ठेवा आणि त्यावर ते सॅम्पल वाजवा. जे बीटमध्ये बुडून जातं किंवा दुसऱ्याला बुडवतं, ते पॅडवरून उतरवा.

तिसरा प्रश्न: हे परत मिळेल का? इंटरनेटवरून उतरवलेला ड्रमचा ठोका, फुकट मिळालेल्या पॅकमधले दोनशे हाय-हॅट, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी, हे उद्या परत मिळतं. हे पॅडवरूनही उडवा आणि माळ्यावरूनही. पॅकचं नाव एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलं की बास. जे परत मिळणार नाही, ते माळ्यावर राहील. एवढाच फरक.

शेवटी उरलेल्यांना छाटा. सॅम्पलच्या आधी-मागे शांतता असते, खोकला असतो, ‘चालू झालं का’ असतं. इथे एक बारकावा आहे. सॅम्पलरमध्ये सुरुवात आणि शेवट ठरवला तरी बाहेरचा भाग सहसा फक्त झाकला जातो, जात नाही. फोनमध्ये फोटो क्रॉप केला तरी बऱ्याचदा मूळ फोटो मागे जपलेला असतो, तसंच. खरंच कापायचं असेल तर ट्रंकेट नावाचं वेगळं फंक्शन वापरावं लागतं. ते केलं की बाहेरचा भाग गेला. म्हणून माळ्यावर न छाटलेली प्रत, डब्यात छाटलेली. आणि एकट्या ठोक्याला स्टेरिओची गरज नसते, तो मोनो केला की फाइल निम्मी होते. मोठ्या मशीनवर याने फरक पडत नाही, पण ईपी-१३३ सारख्या मशीनवर पडतो. त्याला ९९९ आवाजांच्या जागा आहेत आणि पहिल्या आवृत्तीत मेमरी मात्र ६४ एमबी. म्हणजे मोनो आवाजाची साधारण १२ मिनिटं.

आणखी एक मार्ग आहे, रीसॅम्पल. चार पॅड मिळून एक छान ताल जमला असेल तर तो ताल वाजवून त्याचंच नवीन सॅम्पल करायचं. चार पॅडचं एक पॅड झालं. नंतर त्यातला एकच ठोका कमी-जास्त करता येत नाही, पण चार मूळ आवाज माळ्यावर आहेतच.

डिलीट दाबण्याआधी थांबा: पॅटर्न रिकामा तर होणार नाही?

हा भाग सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने सांगतो. तुम्ही सॅम्पलरवर ताल वाजवून साठवता त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नमध्ये आवाज नसतो. त्यात फक्त ‘या क्षणी या नंबरचं पॅड दाब’ अशा नोंदी असतात. वाण्याच्या वहीत ‘दोन किलो गहू’ लिहिलेलं असतं, वहीत गहू नसतो, तसंच. पोतं रिकामं झालं तरी वही तशीच राहते. तुम्ही पॅड ५ चा आवाज उडवला तर पॅटर्न तक्रार करणार नाही. तो पॅड ५ दाबेल आणि शांतता वाजेल. पॅड ५ वर दुसरा आवाज ठेवला तर जुन्या गाण्यात तो भलताच आवाज वाजेल.

एसपीडी-एसएक्समध्ये हे जास्त जाणवतं. तिथे आवाजांचा एक सामाईक साठा असतो, त्यातल्या प्रत्येक आवाजाला वेव्ह म्हणतात. किट फक्त त्या साठ्याकडे बोट दाखवतं. एकच टाळी लग्नाच्या किटमध्येही असू शकते आणि गणपतीच्या किटमध्येही. बेंजो पार्टीत वाजवणारा माझा एक मित्र लग्नसराई संपली की किटवर किट पालटत प्रत्येक पॅड एकदा वाजवून बघतो, आणि मगच साठ्यातल्या वेव्हला हात लावतो. गणपतीच्या पहिल्या दिवशी, शंभर माणसांसमोर, पॅड मारल्यावर काहीच वाजलं नाही तर तिथे बॅकअप शोधायला वेळ नसतो.

काही मशीनमध्ये यासाठी मदत असते. इलेक्ट्रॉन कंपनीच्या ऑक्टाट्रॅकमध्ये दोन आज्ञा आहेत. ‘कलेक्ट’ म्हणजे या प्रोजेक्टला लागणारी सगळी सॅम्पल्स गोळा करून प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये आण. ‘पर्ज’ म्हणजे कुठेच न वापरलेली सॅम्पल्स यादीतून काढ. अकाईच्या आजच्या एमपीसीमध्येही न वापरलेली सॅम्पल्स काढायची सोय आहे. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये ‘पर्ज’ किंवा ‘अनयूज्ड’ हे शब्द शोधा. क्रम मात्र नेहमी तोच: आधी सेव्ह, मग बॅकअप, मग पर्ज.

आणि हो, बऱ्याच सॅम्पलरमध्ये फोनसारखा ‘नुकतेच डिलीट केलेले’ हा फोल्डर नसतो. एसडी कार्डावरून चुकून काही गेलं, तर सगळ्यात आधी त्या कार्डावर नवीन काहीही लिहिणं थांबवा. डिलीट झालं तरी डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल परत मिळण्याची शक्यता असते. बॅकअपची जागा मात्र हे घेऊ शकत नाही.

परत न मिळणाऱ्या आवाजांचं काय?

इथपर्यंत सगळं नियमात बसतं. अवघड भाग पुढे आहे.

गावी आमच्या आजोबांची पिठाची गिरणी होती. ती बंद होणार हे ठरल्यावर मी शेवटच्या काही महिन्यांत जाऊन तिचे आवाज घेतले, एकूण ४१ रेकॉर्डिंग. पुढे मशिनरी भंगारात गेली, जागेवर आता दुकानाचा गाळा आहे, आणि आजोबाही नाहीत. म्हणजे वरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, यातलं काहीही परत मिळणार नाही. मग सगळं ठेवायचं का?

मी सगळं नाही ठेवलं. ४१ पैकी १९ रेकॉर्डिंग चालू गिरणीच्या घरघरीची होती, एकसारखी. ती दोन रविवार बसून मी शेवटपर्यंत ऐकली. एकोणीसपैकी दोन माळ्यावर ठेवली आणि १७ उडवली. कारण १९ फायलींचा फोल्डर पुढे कुणी उघडणार नाही, मीसुद्धा नाही. दोन असतील तर माझी चुलत बहीण ऐकेल, तिची मुलं ऐकतील. सगळं ठेवणं हे बऱ्याचदा न ऐकण्याचंच दुसरं नाव असतं.

पण त्या दोनातलं एक कुठलं ठेवलं ते सांगतो. ते तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात वाईट होतं. माइक मोटरच्या फार जवळ, आवाज फाटलेला. बीटमध्ये त्याचा काही उपयोग नाही. पण त्यात मागून आजोबा ओरडतात, “पुढचा डबा कुणाचा?” वरच्या चाळणीने हे पहिल्या फेरीतच गेलं असतं. म्हणूनच दोन जागांच्या कसोट्या वेगळ्या पाहिजेत. डब्यातली कसोटी: हे वाजतं का? माळ्यावरची कसोटी: हे गेलं तर काय जाईल? पहिलीला फाटलेला आवाज नापास होतो, दुसरीत तो पहिला येतो.

सॅम्पलरवर गिरणीचे पाच आवाज आहेत. पट्ट्याची थाप, दगडाला टाकी लावतानाचा ठोका, डब्याचं झाकण, सुपातल्या गव्हाची सळसळ, आणि मोटर बंद केल्यावर खाली खाली येत जाणारा सूर. या पाचांवर माझे तीन बीट झालेत. आजोबांचा आवाज मात्र मी पॅडवर चढवलेला नाही. तो तालात बसवता येईल, दोनदा-तीनदा वाजवता येईल, पण मला तो वाजवायचा नाहीये. काही आवाज वाद्य नसतात, आणि त्यांना माळ्यावर चांगली जागा देणं हीसुद्धा मांडणीच.

सॅम्पलर नसेल तर फोनवर हेच करा

फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅटचा पर्याय असेल तर तो निवडा, कारण बहुतेक सॅम्पलर वेव्ह फाइल मागतात आणि त्यात दर्जाही टिकतो. रेकॉर्डिंग झालं की तिथल्या तिथे नाव द्या. दहा सेकंद लागतात, नंतर द्यायचं म्हटलं तर तो आवाज कशाचा हेच आठवत नाही. आणि महिन्यातून एकदा यादी उघडून वरचेच प्रश्न विचारा: जुळं आहे का, परत मिळेल का, गेलं तर काय जाईल. आजीने फोनवर सांगितलेली भाजीची कृती व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये पडून असेल, तर ती आजच बाहेर काढून नीट नावाने ठेवा. फोन बदलताना सगळ्यात आधी असलेच आवाज मागे राहतात.

सॅम्पलर असेल तर या रविवारी पूर्ण मशीन साफ करायला घेऊ नका. बॅकअप घ्या, एकच बँक उघडा, बीट चालू करा आणि १६ पॅड वाजवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. माझा अंदाज, त्यातली निम्मी पॅड रिकामी होतील, आणि उरलेली आठ पहिल्यापेक्षा जास्त वाजतील.